खोली वजा केल्यावर



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हाला अकरावीला पदार्थविज्ञान शिकवत. वर्गात गलका सुरू झाला की इतर शिक्षक डस्टर आपटायचे. सर खडू खाली ठेवायचे, आमच्यातल्या एखादीसमोर येऊन उभे राहायचे आणि अगदी हळू विचारायचे, ‘‘यातला तुझा किती?’’ काय उत्तर देणार? चाळीस जणींच्या गलक्यातून आपला वाटा काढून दाखवायचा कसा? आम्ही गप्प बसायचो आणि सरांचं काम व्हायचं. मला मात्र तो प्रश्न चिकटला तो चिकटलाच. पुढे बत्तीस वर्षं मी पुण्यात नोकरी केली ती हाच प्रश्न पंख्यांना, मिक्सरना, संगणकांच्या डब्यांना आणि एकदा तर दाढीच्या यंत्राला विचारण्याची. यातला तुझा किती?

विषय सुरू करण्याआधी एक विनंती. सभागृहातले सगळे पंखे मिनिटभर बंद करता येतील का? मे महिना आहे, मला कल्पना आहे. पण फक्त एक मिनिट.

(पंखे बंद केले जातात.)

ऐका. बाहेरून रिक्षा गेली. मागे चहाच्या कपबश्या वाजताहेत. कुणाची तरी खुर्ची करकरली. या ध्वनिक्षेपकातून एक बारीक खरखर येते आहे. आणि मघाशी पंखे चालू होते तेव्हा यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, हो की नाही? लावा आता पंखे. पण एकेक करून लावा, सगळे एकदम नकोत... हां. तो डावीकडचा तिसरा लावलात ना, तेव्हा एक ‘घुं’ सुरू झालं. ते ध्यानात ठेवा. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

तुमच्यातल्या काहींच्या मोबाइलमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप असेल. आत्ता ते लावलंत तर समजा ५८ आकडा दिसेल. त्या अठ्ठावन्नात रिक्षाचं किती, कपबश्यांचं किती, माझं किती? अ‍ॅप सांगणार नाही. त्याला हसू नका. लाखो रुपयांचं मीटर आणलंत तरी तेही सांगणार नाही. मायक्रोफोन हा फार भोळा प्राणी आहे. दारात येईल त्याला आत घेतो, ‘आपण कोण, कुठून आलात’ असं विचारत नाही.

त्यात डेसिबलची बेरीज तिरपागडी. पन्नास डेसिबलच्या यंत्राशेजारी तसंच दुसरं यंत्र ठेवलं तर शंभर होत नाहीत, त्रेपन्न होतात. तशी दहा यंत्रं ठेवलीत तर साठ. आणि गंमत म्हणजे त्या दहा यंत्रांचा आवाज कानाला दसपट वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो. ज्या वाणसामानाच्या यादीत पन्नास अधिक पन्नास त्रेपन्न होतात, त्या यादीवरून वाटणी करायची. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागते.

या आवाजाचे वाटेकरी तीन. एक खोली, दुसरं यंत्र, तिसरा आपला कान. लोक भांडतात यंत्राशी, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार असते खोली. म्हणून आधी खोलीकडे जाऊ.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका कारखान्याने टेबलफॅन केला होता. कारखान्याचं नाव सोडून द्या. तिथल्या साहेबांनी रात्री सगळी यंत्रं बंद करून, कॅन्टीनमध्ये पंखा ठेवून, मीटरने आवाज मोजला आणि आकडा बघून डोकं धरलं. प्रतिस्पर्ध्याच्या पंख्यापेक्षा आठ-नऊ डेसिबल जास्त. मोटर बदलली, पाती बदलली, बेअरिंग बदललं, आकडा ढिम्म. मग पंखा आमच्याकडे आला. आम्ही चेंबरमध्ये, म्हणजे आवाज मोजायच्या आमच्या खास खोलीत, ठेवून मोजला तर बिचारा अगदी सज्जन निघाला. कोडं सुटलं ते कॅन्टीनमध्ये चहा पिताना. टेबल पत्र्याचं होतं. पंखा हळूच थरथरायचा आणि पत्रा ते थरथरणं जोरजोरात जाहीर करायचा. भिंती सगळ्या ऑइलपेंटच्या, त्या टोलवायच्या. पंख्याच्या नावावर लागलेला आवाज टेबलाचा आणि भिंतींचा होता. तुम्हालाही घरी हे बघता येईल. मोबाइल थरथरत्या रिंगवर टाकून एकदा तळहातावर ठेवा, मग लोखंडी कपाटावर ठेवा. मोबाइल तोच आहे. कपाटावर ठेवलात तर शेजारचे विचारतील काय चाललंय.

खोलीचा हा वाटा पहिल्यांदा कुणी मोजला? १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत झाली. तिच्यात सुंदर व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात व्याख्यान ऐकूच येईना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. साडेपाच सेकंदांत मी दहा-पंधरा शब्द बोलते, म्हणजे पंधरावा शब्द तोंडातून निघेपर्यंत पहिला अजून छताखाली हिंडतो आहे! विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे लचांड वॉलेस सॅबिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात घातलं. त्याच्यापाशी ना मायक्रोफोन, ना मीटर. ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे दोन कान. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा तो आणि त्याचे मदतनीस मध्यरात्री उचलून आणायचे, एकेक वाढवत जायचे, नळी वाजवून बंद करायची आणि आवाज कधी विझतो ते घड्याळावर बघायचं. सकाळ व्हायच्या आत उशा परत जागेवर. शहर झोपल्यावरच हे काम करता यायचं, कारण ट्राम आणि घोडागाड्या थांबल्याशिवाय तो विझता आवाज ऐकू येत नसे.

मला सॅबिन आवडतो तो मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात आणि आपण रोज वेगळे कपडे घालून येतोय. त्याने काय केलं असेल? काही महिन्यांची निरीक्षणं फेकून दिली आणि पुढे दर रात्री तेच कपडे घालून प्रयोग केले. अहो, एका कोटाचा वाटासुद्धा त्याने वहीत मांडला! उघडी खिडकी हे त्याचं शोषणाचं माप, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. त्याच्या हाताला जे सूत्र लागलं ते आजही आम्ही वापरतो. खोलीचं आकारमान जितकं मोठं तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि शोषणारं सामान जितकं जास्त तितका लवकर विझतो. बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला तो याच गणिताच्या आधाराने.

तुम्ही-आम्ही हे सगळं विजापूरला शाळेच्या सहलीत शिकलेलो असतो, फक्त गणिताशिवाय. सुमारे ४४ मीटर व्यासाचा गोलघुमट, गुळगुळीत भिंती, ना गालिचा ना पडदा. मुलं आत जाऊन ‘ए’ करतात आणि घुमट पुन्हा पुन्हा ‘ए’ करत राहतो. सी. व्ही. रामन यांनाही घुमटाखालच्या अशा कुजबुजत्या सज्ज्यांचं फार कुतूहल होतं. आता कल्पना करा, तिथे मधोमध तुमचा मिक्सर ठेवला आणि मोजला. तो आकडा मिक्सरचा की आदिलशहाचा?

म्हणजे यंत्राचा खरा वाटा काढायचा तर खोली वजा केली पाहिजे. खोली वजा करणार कशी? उघड्या माळावर, मोकळ्या आकाशाखाली मोजलं तर भिंती नाहीत. पण माळावर वारा आहे, कुत्री आहेत, विमानं आहेत. म्हणून माणसाने उलटी युक्ती केली. असं घर बांधलं की आत शिरलेल्या आवाजाला वाटावं आपण माळावरच आहोत, आणि बाहेरच्या जगाला मात्र आत येता येऊ नये. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, हार्वर्डलाच लिओ बेरानेक यांनी अशी एक मोठी खोली बांधली. ‘अ‍ॅनेकोइक चेंबर’ हे नावही त्यांचंच. प्रतिध्वनी नसलेली खोली. हे बेरानेक २०१६ मध्ये गेले, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी. शांततेत काम केलं की आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही, कारण माझे दोन सहकारी साठीतच गेले.

आमच्याकडे शिपाई तिला ‘मुकी खोली’ म्हणायचे. खरं तर ती उलट उत्तर न देणारी खोली. भिंतींवर, छतावर सगळीकडे काचलोकरीचे किंवा फोमचे लांबच लांब सुळके, टोकं आपल्याकडे रोखलेली. सुळके कशाला? सपाट गादी लावली तर आवाज तिच्या पृष्ठभागावरूनच थोडासा परत फिरतो. सुळक्यांमध्ये तो हळूहळू अडकत जातो. गल्ली अरुंद होत जावी आणि मागे फिरायला जागा राहू नये तसा. सुळका किती लांब हवा ते आवाजाच्या जाडीवर ठरतं. शंभर हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते आणि सुळका निदान तिच्या पावपट हवा, म्हणजे ८५ सेंटिमीटर. चारही बाजूंनी ही लांबी जाते. म्हणून मोठी खोली बांधून आत उरते ती न्हाणीघराएवढी जागा, असा बांधकामवाल्यांचा नेहमीचा विनोद. शिवाय ही सगळी खोली दुसऱ्या खोलीच्या पोटात, स्प्रिंगांवर उभी. रस्त्यावरून ट्रक गेला तर तो जमिनीतून वर चढू नये म्हणून.

आणि इथे एक विरोधाभास आहे, तो माझ्या आयुष्यभराच्या कामाचा गाभा आहे. वस्तू जितकी लहान, तितकी खोली थोर लागते. डिझेल इंजिन मोजायला शांतता लागत नाही, ते आपली ओळख स्वतःच करून देतं. पण बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश? श्रवणयंत्र? रात्रभर उशाशी चालणारा श्वासाचा पंप? त्या पंपाचा आवाज एक मीटरवर पंचवीस-तीस डेसिबल भरतो आणि कोथरूडमधली मध्यरात्रीची बंद खोलीसुद्धा त्याहून बोलकी असते. आमचा एक नियम आहे. यंत्र चालू असतानाचा आवाज आणि बंद असतानाचा आवाज यात १५ डेसिबलहून जास्त फरक असेल तर पार्श्वभूमी विसरा. फरक ६ ते १५ असेल तर गणिताने वजाबाकी करा. सहापेक्षाही कमी असेल तर वही मिटा आणि घरी जा, कारण तुम्ही यंत्र मोजत नाही, शहर मोजताय. सरांच्या वर्गासारखंच आहे. चाळीस जणींमध्ये कुजबुजणारीचा वाटा काढता येत नाही, त्यासाठी वर्ग रिकामा करावा लागतो.

आत गेल्यावर कसं वाटतं, हे सगळेच विचारतात. दार लागलं की कानावर कुणी कापूस दाबल्यासारखं होतं. आपलंच बोलणं ओठांपुढे वीतभर जाऊन खाली पडतं. टाळी वाजवली तर कुणीतरी वही मिटल्यासारखा आवाज होतो. मानेचं हाड करकरतं ते ऐकू येतं. संगीतकार जॉन केज १९५१ साली हार्वर्डच्या खोलीत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, मला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक जाड. तिथल्या अभियंत्याने सांगितलं, बारीक तो तुमच्या मज्जासंस्थेचा, जाड तो रक्ताभिसरणाचा. मज्जासंस्थेला आवाज असतो हे काही मला पटत नाही, तो बहुधा त्यांच्या कानातलाच नाद असावा. पण केज यांनी त्यावरून पुढच्या वर्षी चार मिनिटं तेहेतीस सेकंदांची ती प्रसिद्ध रचना केली, ज्यात वादक काहीही वाजवत नाही. शांतता नसतेच, हे त्यांचं म्हणणं. आम्ही मीटरवाले हे रोज बघतो. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या खोलीत उणे २०.६ डेसिबल नोंदले गेले. उणे म्हणजे? शून्य डेसिबल म्हणजे आवाज नाही असं नव्हे. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल एवढा हवेचा दाब, म्हणजे २० मायक्रोपास्कल. आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाचा तो सुमारे पाचशे कोटीवा भाग! त्याच्याही खाली उणे वीस. अजून थोडं खाली गेलं तर हवेच्या रेणूंची स्वतःचीच धडक आहे, तिथे वाट संपते.

आणि हो, ‘त्या खोलीत माणूस पाऊण तासाच्या वर बसला तर वेडा होतो’ असं जे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचता, ते सोडून द्या. मायक्रोफोन मांडत आम्ही तिथे सबंध दुपार काढलेली आहे. वेडं कुणी झालं नाही. भूक मात्र फार लागते.

थोडंसं तिच्या उलट्या खोलीबद्दल. घुमणारी खोलीही आमच्याकडे असते. भिंती गुळगुळीत, पण मुद्दाम एकमेकींना समांतर नसलेल्या, छताला टांगलेले वाकडे पत्रे. तिथे आवाज इतका टोलवला जातो की तो सगळीकडे सारखाच भरतो, ताकात मीठ विरघळावं तसा. मग कुठेही मोजा, उत्तर तेच. एक खोली सगळं विसरून जाते, दुसरी सगळं घुसळून टाकते. यंत्राचा वाटा मात्र दोघी सारखाच सांगतात.

आता यंत्राकडे वळते. यंत्राचा आवाज म्हणजे नक्की काय मोजायचं?

देवघरात उदबत्ती लावली तर वास घमघमतो. तीच उदबत्ती अंगणात लावली तर दोन हातांवर पत्ता लागत नाही. उदबत्ती तीच, जळायची गती तीच. मग ‘या उदबत्तीचा वास किती’ या प्रश्नाला काय उत्तर? दोन उत्तरं आहेत. ती किती धूर सोडते हे एक. तुमच्या नाकापाशी किती पोचतो हे दुसरं. आवाजाचंही असंच आहे. यंत्र दर सेकंदाला किती ध्वनिऊर्जा सोडतं ती ध्वनिशक्ती, आणि तुमच्या कानापाशी पोचतो तो ध्वनिदाब. पहिल्याला अंतर विचारायचं नसतं. दुसऱ्याला अंतर विचारल्याशिवाय पुढे जायचं नसतं. घोटाळा असा की दोघांचंही मोजमाप डेसिबलमध्येच सांगतात! कडक फरशीवर ठेवलेल्या छोट्या यंत्राची ध्वनिशक्ती ५५ डेसिबल असेल, तर एक मीटरवर ध्वनिदाब भरतो सुमारे ४७. दोन्ही आकडे खरे. एक कंपनी ५५ छापते, दुसरी ४७ छापते आणि गिऱ्हाईक दुसरीचं यंत्र घेऊन घरी येतं.

हा गोंधळ टाळायला संगणक आणि छपाईयंत्रांच्या जगाने एक मजेशीर तोड काढली. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात कितीतरी वर्षं ध्वनिशक्ती डेसिबलमध्ये नव्हे, ‘बेल’मध्ये जाहीर करायची रीत होती. ५५ डेसिबलऐवजी ५.५ बेल. आकडाच असा वेगळा दिसावा की कुणी चुकून दुसऱ्याशी तुलना करू नये. युरोपात २०२१पासून फ्रीजच्या लेबलवर आवाजाचा आकडा आणि शेजारी ए ते डी अक्षर असतं. तीसच्या आत ए, बेचाळीस किंवा वर डी. ती ध्वनिशक्ती, म्हणून तिथे अंतर लिहिलेलं नाही. आपल्याकडे फटाक्यांच्या नियमात फुटायच्या जागेपासून ४ मीटर आणि डिझेल जनरेटरच्या नियमात आच्छादनापासून १ मीटर असं अंतर लिहिलेलं आहे, कारण तो ध्वनिदाब. अंतर लिहिलेलं नसेल आणि ‘ध्वनिशक्ती’ हा शब्दही नसेल, तर तो आकडा जाहिरातवाल्याचा समजा.

ध्वनिशक्तीचा वॅटमध्ये हिशेब केला तर माणूस चकित होतो. चाळीस डेसिबल ध्वनिशक्तीचा फ्रीज किती वॅट आवाज सोडतो? वॅटचा दहा कोटीवा भाग. म्हणजे असे दहा कोटी फ्रीज एकत्र गुरगुरले की मिळून एक वॅट आवाज होणार. आणि त्या एका दहा कोटीव्या भागासाठी माणूस रात्री उठून किचनमध्ये जातो आणि फ्रीजला लाथ घालतो!

मोजायची रीत सांगते, कारण त्यात कष्ट आहेत. यंत्र फरशीवर मधोमध. त्याच्याभोवती हवेत एक अर्धा गोल कल्पायचा, टोपली उपडी घातल्यासारखा. त्या टोपलीवर ठिकठिकाणी मायक्रोफोन. यंत्र एका अंगाने जास्त ओरडतं, दुसऱ्या अंगाने कमी, म्हणून एकच मायक्रोफोन चालत नाही. मायक्रोफोनही रोज सकाळी तपासायचे. पिस्टनफोन नावाचं एक छोटं नळकांडं असतं, त्यातून २५० हर्ट्‌झवर बरोबर १२४ डेसिबल येतात. बरोबर म्हणजे समुद्रसपाटीला बरोबर. पुणं साडेपाचशे मीटर उंचावर, हवा विरळ, त्यामुळे इथे तो साधारण अर्धा डेसिबल कमी बोलतो. पेटीत त्यासाठी एक चिमुकला वायुभारमापक दिलेला असतो. मुंबईहून बदलून आलेला नवा मुलगा पहिल्या दिवशी हमखास तो बघायला विसरायचा, आणि आम्ही त्याला दुपारपर्यंत चूक शोधू द्यायचो. वाईट होतो आम्ही.

मानकात माणूसही असतो बरं का. कार्यालयीन यंत्रांसाठी एक मायक्रोफोन यंत्राच्या पुढे २५ सेंटिमीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंच ठेवायचा. हा बसलेल्या कारकुनाचा कान. उभा असेल तर दीड मीटर. कुठल्या तरी समितीने एक माणूस उभा केला आणि त्याच्या कानाची उंची ठरवून टाकली. माझा कान काही दीड मीटरवर येत नाही. माझ्या सासूबाईंचा तर १.४०च्याही खाली होता. आमच्या ओट्यापाशी उभं राहून कुणी मोजलंच नाही.

आणि म्हणून तिसरा वाटेकरी. कान.

बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवलं की कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. खर्जातला आवाज त्याला कमी ऐकू येतो, मधल्या पट्टीतला जास्त. त्यांच्या वक्ररेषांवरून मीटरमध्ये एक चाळणी बसवली, तिला ‘ए’ भारांकन म्हणतात. ही चाळणी १०० हर्ट्‌झच्या आवाजातून १९ डेसिबल कापते. आज जगातले बहुतेक आकडे या चाळणीतून गाळूनच येतात. सोय मोठी आहे. पण चाळणीला आवाज किती ते कळतं, कसा ते कळत नाही.

मराठीला मात्र कळतं. फ्रीज गुरगुरतो, पंखा घरघरतो, बिघडलेला पंखा खडखडतो, ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो, जुना टाइपरायटर खडाखडा वाजायचा, डास... डासाला तर आपण गाणंच दिलंय. ‘किरकिर’ आणि ‘कुरकुर’ यांत किती डेसिबलचा फरक? शून्यही असू शकेल. तरी किरकिरणारं यंत्र परत येतं आणि कुरकुरणारं लोक चालवून घेतात. आमच्याकडे परीक्षक बसवून यंत्रांचे आवाज ऐकवायचे तेव्हा परदेशी नमुन्याचे तक्ते असायचे, एक ते दहा गुण द्या, वगैरे. एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने तक्ता बाजूला ठेवून लिहिलं होतं, ‘‘शिंक अडकल्यासारखं वाजतंय.’’ आम्ही मोटर उघडली. ब्रश एका जागी अडकत होता.

कानाला सगळ्यात जास्त खुपतो तो एकसुरी आवाज. वाऱ्यासारखा, पावसासारखा पसरलेला आवाज मन सोडून देतं. पण त्यात एकच सूर वर डोकं काढून उभा राहिला की संपलं. एकूण आकडा अर्ध्या डेसिबलनेही वाढत नाही आणि माणसाची झोप उडते. म्हणून आता मानकांमध्ये असा सूर शोधून तो वेगळा नोंदवायची रीत आहे. संगणकाच्या छोट्या पंख्याला सात पाती आणि मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. पन्नास गुणिले सात, ३५० हर्ट्‌झवर त्याचा सूर हमखास सापडणार. गुन्हेगाराने खिशात ओळखपत्र ठेवून चोरी करावी तसं.

आणि सगळाच आवाज काही गुन्हा नसतो. कुकरची शिट्टी आम्ही चेंबरमध्ये कधी मोजली नाही. गरजच नव्हती, ती घरोघर रोज मोजली जाते. बैठकीत पाहुण्यांशी गप्पा मारणारी बाई मध्येच ‘झाल्या वाटतं तीन’ म्हणून उठते. चार दारं पलीकडून, टीव्हीच्या आवाजातून, शेजारणीच्या कुकरची शिट्टी वगळून. यातला तुझा किती, हे तिला बरोबर कळतं. त्या वजाबाकीसाठी आम्हाला स्प्रिंगांवर घर बांधावं लागलं.

वेळ होत आला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. आता तो डावीकडचा तिसरा पंखा.

मघापासून त्याचं ‘घुं’ चालू आहे. ते पात्यांचं नाही. तीन पाती, मिनिटाला साधारण तीनशे फेरे, म्हणजे सेकंदाला पंधरा झपाटे, तेवढा खर्ज माणसाला सूर म्हणून ऐकूच येत नाही. बेअरिंगचंही नाही, बेअरिंग घासतं, गुणगुणत नाही. आपल्या विजेची लाट सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि प्रत्येक हेलकाव्यात मोटरच्या पत्र्यांना दोनदा चुंबकाचा हिसका बसतो. तो झाला शंभर हर्ट्‌झचा मूळ सूर. तिथे भिंतीवर गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दिसतोय. पंखा हळू करायला तो विजेची लाट मध्येच कापतो, आणि कापलेल्या लाटेच्या धारदार कडांमुळे त्या शंभराच्या पटीतले बाकीचे सूर जागे होतात. बाजूच्या पंख्यांना टप्प्याटप्प्याचे रेग्युलेटर आहेत, ते लाट कापत नाहीत, म्हणून ते गप्प आहेत. पंख्याचा दोष नाही.

प्रश्नोत्तरं सुरू करण्याआधी कुणीतरी तो रेग्युलेटर पूर्ण फिरवा. लाट अखंड झाली की ‘घुं’ थांबेल. पंखा जोरात फिरेल, वाऱ्याचा आवाज वाढेल. वेग दुप्पट झाला तर सुमारे पंधरा डेसिबलनी वाढतो. मोबाइलवर अ‍ॅप चालू असेल तर आकडा वर गेलेला दिसेल. जाऊ द्या. तिसऱ्या रांगेतले ते गृहस्थ मघापासून वर बघून कपाळाला हात लावताहेत, त्यांना विचारा कसं वाटतंय.